जूनच्या सुटीत सर्फिंग शिकायचे असेल तर पूर्वेचा समुद्र गाठावा

प्रति,
माननीय संपादक महोदय यांस,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्याच्या सुटीत समुद्रावर जाऊन मुलांना सर्फिंग, म्हणजे फळीवर उभे राहून लाटेवर स्वार होणे, शिकवावे, अशी इच्छा नागपुरातील बऱ्याच पालकांच्या मनात हल्ली मूळ धरू लागली आहे आणि मला तिचे मनापासून कौतुक वाटते. टोकियोच्या ऑलिम्पिकमध्ये हा खेळ प्रथमच आला, ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलिपुरम येथे झालेल्या आशियाई सर्फिंग स्पर्धेत रमेश बुदिहाळ यांनी भारताला कांस्यपदक मिळवून दिले आणि २०२६ च्या आयची-नागोया आशियाई क्रीडा स्पर्धांतही सर्फिंगचा समावेश झाला. परदेशी पर्यटकांचा शौक म्हणून या खेळाकडे पाहण्याचे दिवस आता गेले. मी या शहरात पोहणे शिकवतो. मार्च-एप्रिलमध्ये तरणतलावाच्या काठावर मुलांची वाट पाहत बसलेले पालक मला विचारतात, ‘सर, गोवा बरा की कोकण?’ या प्रश्नाला मी आधी एक उलट प्रश्न करतो, तो असा की, तुम्ही कोणत्या तारखेला निघणार? गावाचे नाव त्यानंतर ठरवता येते. हा मुद्दा आपल्या दैनिकाच्या वाचकांपुढे सविस्तर मांडावा, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

विदर्भातील शाळांची उन्हाळी सुटी राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरापर्यंत चालते. पुण्या-मुंबईकडील शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, आपल्याकडे मात्र उन्हाच्या तडाख्यामुळे त्या जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतात. मे महिन्यात लग्ने, गावाकडची कामे आणि परीक्षांचे निकाल आटोपून अनेक कुटुंबे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात प्रवासाला निघतात. त्या वेळी नागपुरात आकाश कोरडे ठणठणीत असते, पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो आणि पावसाचा मागमूसही नसतो. त्यामुळे पश्चिम किनाऱ्यावर ऋतू बदललेला आहे, ही गोष्ट आपल्या लक्षातच येत नाही. केरळात मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे १ जूनला दाखल होतो आणि पुढच्या चार-पाच दिवसांत गोव्याला पोहोचतो. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला सरकारी बंदी असते. ज्या दिवसांत कोकणातले मच्छीमार आपल्या होड्या पुळणीवर ओढून शाकारून ठेवतात, त्याच दिवसांत आपण आपली दहा-बारा वर्षांची मुले त्या समुद्रात फळीवर शिकायला उतरवावीत, हे कोणत्याही हिशेबात बसत नाही. तरीही शहरातील एका प्रवासी कंपनीच्या पत्रकात मी जूनच्या दुसऱ्या आठवड्यातील कोकण सहलीत ‘सर्फिंगचा आनंद’ छापलेला पाहिला आहे आणि माझ्याकडे पोहायला येणाऱ्या दोन मुलांच्या घरून त्यासाठी पैसेही भरले गेले होते. तेथे पोहोचल्यावर जलक्रीडा बंद असल्याचे त्यांना सांगण्यात आले. बंद होत्या म्हणून बरे झाले, असेच मी म्हणेन.

याच दिवसांत पूर्व किनाऱ्यावरचे चित्र पूर्णपणे वेगळे असते आणि त्यामागील कारण शाळेच्या भूगोलातच आहे. जून ते सप्टेंबर या काळात वारा नैऋत्येकडून वाहतो. कोकण, गोवा, कर्नाटक आणि केरळ या किनाऱ्यांवर तो समुद्राकडून जमिनीवर येतो, सोबत पाऊस आणतो आणि लाटांना ढकलत, मोडत, उसळवत किनाऱ्यावर आपटतो. तोच वारा दख्खन ओलांडून तामिळनाडूच्या किनाऱ्यावर पोहोचतो तेव्हा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतो. पुढे येणाऱ्या लाटेला तो समोरून अडवतो, त्यामुळे लाटेचा माथा लगेच ढासळत नाही आणि तिचा चेहरा गुळगुळीत राहतो. त्या महिन्यांत तामिळनाडूचा किनारा बराचसा पर्जन्यछायेतही असतो. दुसरीकडे दक्षिण हिंदी महासागरातून निघालेल्या लांब लाटा वळसा घेऊन तेथे पोहोचत असतात. त्यामुळे चेन्नईच्या दक्षिणेकडील किनाऱ्यावर साधारण मार्चपासून सप्टेंबरपर्यंत सर्फिंगचा हंगाम असतो, तर पश्चिम किनाऱ्यावर तो ऑक्टोबर ते मे असा असतो. म्हणून माझा ठोक सल्ला असा आहे की, मेच्या मध्यापर्यंत जाणार असाल तर पश्चिमेचा विचार करावा आणि त्यानंतर जाणार असाल तर निःशंकपणे पूर्वेकडे वळावे.

नागपूरकरांच्या दृष्टीने यात एक सोयीची गोष्ट आहे. ‘समुद्र’ म्हटले की आपल्याला मुंबई, कोकण, गोवा आठवतो, पण सरळ रेषेत मोजले तर झिरो माइलपासून अरबी समुद्रापेक्षा बंगालचा उपसागर अधिक जवळ आहे. विशाखापट्टणम येथून मुंबईपेक्षा सुमारे शंभर किलोमीटरने जवळ पडते. चेन्नईला जाण्यासाठी ग्रँड ट्रंक आणि तामिळनाडू या दोन्ही एक्स्प्रेस गाड्या नागपूरवरूनच जातात, तेव्हा येथून गाडीत बसून दुसऱ्या दिवशी समुद्र गाठता येतो. गोव्यासाठी जेवढी धावपळ करावी लागते, तेवढी येथे करावी लागत नाही.

तारीख ठरल्यावर किनाऱ्याकडे पाहावे. नवशिक्यासाठी चांगला किनारा म्हणजे निसर्गरम्य किनारा, असे समजण्याचे कारण नाही. त्याला हवी असते वाळूची तळजमीन, कमरेएवढ्या पाण्यात बरेच अंतर चालत जाता येईल असा मंद उतार आणि दुरून फुटत येणारी, फेसाळलेली, दमलेली लाट. जेथे उतार मंद असतो तेथे लाट माथ्यावरून हळूहळू सांडत येते आणि तिच्यातील बळ किनाऱ्यापर्यंत येता येता खर्च होते. जेथे किनारा एकदम खोल जातो तेथे तीच लाट शेवटच्या क्षणी उभी राहते आणि सगळे बळ एकवटून वाळूवर कोसळते. अशा जागी फळी मुलाच्या हाती राहत नाही, ती त्याच्यावरच उलटते. काठावर उभे राहून पाच-दहा मिनिटे पाहिले तरी हा फरक कळतो. लाट काठापासून चाळीस-पन्नास पावलांवर फुटून पांढऱ्या फेसाच्या पट्ट्यांनी आत येत असेल तर ती जागा शिकण्याजोगी आहे. अगदी पायाशी येऊन धाडकन फुटत असेल तर तेथे नुसते पाय भिजवावेत.

लाटेची उंची सगळेच विचारतात, दोन लाटांमधील वेळ मात्र कोणी विचारत नाही. प्रत्यक्षात समुद्राच्या अंदाजात हे दोन्ही आकडे दिलेले असतात आणि दोन्ही सोबत वाचावे लागतात. अर्धा ते एक मीटर उंचीची, सात-आठ सेकंदांच्या अंतराने येणारी लाट नवशिक्याला पेलते. तेवढ्याच उंचीची पण पंधरा-सोळा सेकंदांच्या अंतराने येणारी लाट फार दुरून, दक्षिण गोलार्धातील ‘गरजणारे चाळीस’ म्हटल्या जाणाऱ्या, चाळीस अंश अक्षांशापलीकडच्या वादळी पट्ट्यातून निघालेली असते. तेवढ्याच वेळात ती किनाऱ्याकडे दुपटीच्या आसपास ऊर्जा आणते आणि उथळ पाण्यात आल्यावर ती अंदाजातील आकड्यापेक्षा पुष्कळ उंच होते. अशा लाटा येतात तेव्हा स्थानिक आकाश निरभ्र असते, वाराही पडलेला असतो आणि समुद्र काही मिनिटे अगदी निपचित दिसतो. केरळचे मच्छीमार या प्रकाराला कल्लक्कडल म्हणतात. ६ मे २०२४ रोजी कन्याकुमारी जिल्ह्यातील लेमूर बीचवर पाच तरुण वैद्यकीय विद्यार्थी अशाच लाटांमध्ये बुडून मरण पावले. त्या दिवसांसाठी उंच लाटांचा इशारा आधीच दिलेला होता. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजेच इन्कॉइस, हे इशारे आणि लाटांचे अंदाज रोज विनामूल्य प्रसिद्ध करते. मच्छीमार ते पाहतात. हजार किलोमीटरवरून येणाऱ्या आपल्यासारख्या पर्यटकाने ते मच्छीमारापेक्षाही अधिक काळजीने पाहिले पाहिजेत, कारण त्याला समुद्राकडे पाहून समजते ते आपल्याला समजत नाही.

यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आता लिहितो. ती सर्फिंग न करणाऱ्यांनीही वाचावी. किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटा ओळीने पाहत गेल्यास मध्येच एखादी दहा-पंधरा पावले रुंदीची पट्टी अशी दिसते की, तेथे लाटा फुटतच नाहीत. आजूबाजूला पांढरा फेस, गडबड, आवाज आणि त्या पट्टीत मात्र पाणी शांत, थोडे गडद रंगाचे, पृष्ठभागावर बारीक सुरकुत्या, कधी वाळूने गढूळलेले. विहिरीत, तळ्यात, कन्हानच्या डोहात पोहायला शिकलेल्या माणसाचा डोळा नेमका तेथेच जातो, कारण आमच्या अनुभवात शांत पाणी म्हणजे सुरक्षित पाणी. आई-वडील मुलांना हाताला धरून मुद्दाम त्या जागी नेतात. खरे पाहता लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेले पाणी परत समुद्रात जाण्याची तीच वाट असते. पाणी खोल असते म्हणूनच तेथे लाट फुटत नाही आणि प्रवाह इतका जोरकस असतो की, चांगला पोहणाराही त्याच्या विरुद्ध दिशेने किनाऱ्याकडे येऊ शकत नाही. याला रिप करंट म्हणतात. तो माणसाला खाली ओढत नाही, आत नेतो. माणूस बुडतो तो प्रवाहाशी झुंजून दमल्यामुळे. अशा वेळी अंग सैल सोडून तरंगावे, एक हात वर करून मदत मागावी, जमल्यास किनाऱ्याला समांतर पोहत जावे आणि जेथे लाटा फुटत आहेत तेथून त्यांच्याच जोराने परत यावे. सर्फबोर्ड हाताशी असेल तर तो कधीही सोडू नये, कारण त्या क्षणी तीच आपली होडी असते. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे तलावातच, पाण्यात उतरवून, पुन्हा पुन्हा करून दाखवतो आणि शहरातील प्रत्येक जलतरण प्रशिक्षकाने उन्हाळी वर्गात निदान एक तास यासाठी राखून ठेवावा, अशी माझी त्यांना विनंती आहे.

भरती-ओहोटीचा हिशेब कोकणात आणि गोव्यात टाळता येत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती असते, अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची. उधाणाच्या दिवशी पाण्याची चढ-उतार आणि प्रवाहांचा जोर दोन्ही वाढतात, म्हणून शिकण्यासाठी भांगाचे दिवस निवडावेत. कोकणात यासाठी एक जुना आणि बराचसा बिनचूक हिशेब वापरतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की, पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. नागपुरातील स्वयंपाकघरात भिंतीवर टांगलेल्या दिनदर्शिकेवरून घरबसल्या हे काढता येते आणि तिकिटांच्या तारखा त्याप्रमाणे ठरवता येतात. पूर्व किनाऱ्याला मात्र हा हिशेब लागू पडत नाही. चेन्नईच्या बाजूला भरती-ओहोटीतील फरक मीटरभराच्या आसपासच असतो, त्यामुळे तेथे तिची एवढी चिंता करावी लागत नाही.

आता काही जागांविषयी. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यासाठी मला कर्नाटकचा किनारा सर्वाधिक पसंत आहे. उडुपीजवळ सुवर्णा नदीच्या मुखाशी असलेले कोडी बेंग्रे हे नदी आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या वाळूच्या पट्टीवरचे मच्छीमारांचे गाव आहे. भारतातील पहिल्या व्यावसायिक महिला सर्फर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इशिता मालवीय यांनी आपला सर्फ क्लब याच परिसरात उभा केला. तेथील उतार मंद आहे आणि लाटा सौम्य असतात. मंगळुरूच्या उत्तरेला शांभवी नदीकाठचे मुल्की हे भारतातील सर्फिंगच्या मूळ ठिकाणांपैकी एक. तेथे या शतकाच्या पहिल्या दशकातच एका आश्रमाने सर्फिंग शिकवायला सुरुवात केली. जवळच्या ससिहित्लू किनाऱ्यावर राष्ट्रीय स्पर्धा झालेल्या आहेत, मात्र स्पर्धा मेच्या अखेरीस वा जूनच्या आरंभी भरते ती लाटा मोठ्या होतात म्हणून, हे नवशिक्याने ध्यानात घ्यावे. स्पर्धेचे दिवस हे पाहण्याचे दिवस आहेत. गोव्यात उत्तरेकडील आश्वे, मांद्रे, हरमल हे किनारे लांब, वाळूचे आणि उथळ आहेत आणि गोव्यात २००८ पासून नेमलेले प्रशिक्षित जीवरक्षक असतात, ही मोठी जमेची बाजू. केरळातील वर्कला सुंदर आहे आणि केरळ एक्स्प्रेस नागपूरवरून जाते, पण मे महिन्यात तेथील समुद्र गोव्याच्या आधी बदलतो. वर्कला दिवाळीच्या सुटीसाठी राखून ठेवावे.

जूनसाठी चेन्नईच्या दक्षिणेला ईस्ट कोस्ट रोडवर असलेले कोवलम आणि त्यापुढचे महाबलिपुरम ही दोन नावे पुरेशी आहेत. येथे एक सावधगिरी बाळगावी. कोवलम नावाची दोन प्रसिद्ध ठिकाणे आहेत, एक तिरुवनंतपुरमजवळ आणि दुसरे चेन्नईजवळ. जूनमध्ये पहिल्या ठिकाणी मोसमी लाटांचे थैमान असते आणि दुसऱ्या ठिकाणी हंगाम असतो, तेव्हा आरक्षण करताना राज्याचे नाव वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत. चेन्नईजवळचे कोवलम हेही मच्छीमारांचेच गाव. तेथील शिक्षक बहुतेक त्याच गावातील मच्छीमार घरांतून आलेले आहेत आणि शिकवताना त्यांच्याकडे जे असते ते प्रमाणपत्राने येत नाही. तेथे सकाळी सहाच्या सुमारास मी पाहिलेला एक वर्ग अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. शिक्षकाने काही न बोलता बराच वेळ पाण्याकडे पाहिले, मग सगळ्यांना पन्नास-साठ पावले उत्तरेकडे सरकवले, वाळूवर काठीने फळीच्या आकाराची एक आकृती काढली आणि मुलांना तिच्यावर पालथे झोपवले. हनुवटी वर, तळहात छातीशी, दोन्ही पाय जुळलेले. मग एका दमात उठून, गुडघे वाकवून, नजर पायाशी न नेता समोर ठेवायची. एक मुलगी दर वेळी पायाकडे बघे आणि दर वेळी तो तिच्या कपाळाला बोट लावून नजर वर करी. पाण्यात जाण्याआधी हे इतक्या वेळा झाले की मुले कंटाळली, पण पहिल्याच फेसाळ लाटेवर तीच मुलगी उभी राहिली. वाळूवरचा हा सराव ज्या वर्गात नसेल तो वर्ग सोडून द्यावा.

महाबलिपुरमला शोअर टेंपलच्या बाजूची खडकाळ टोकावरची लाट ही जाणत्यांची आहे. नवशिक्यांनी वाळूच्या बाजूला राहावे. पुदुच्चेरीच्या सेरेनिटी बीचवरही सर्फिंग शिकवतात, तेथे किनारा राखण्यासाठी टाकलेल्या दगडांपासून अंतर ठेवावे लागते.

आपल्याकडची पुष्कळ कुटुंबे जगन्नाथाच्या दर्शनाला पुरीला जातात आणि जाता जाता सर्फिंगही होईल, असे त्यांना वाटते. पुरीच्या परिसरात सर्फिंगचे महोत्सव झाले आहेत हे खरे, परंतु मंदिराजवळच्या किनाऱ्यावर लाट काठालगत जोराने फुटते आणि मे-जूनमध्ये प्रवाह तीव्र असतात. तेथे नुलिया, म्हणजे मच्छीमार समाजातील, जीवरक्षकाचा हात धरून स्नान करावे आणि शिकण्याचा बेत दुसरीकडे न्यावा. विशाखापट्टणमला रामकृष्ण बीच शहराला लागून असल्यामुळे सगळे तेथेच उतरतात, पण तेथे बुडण्याच्या अनेक दुर्घटना झालेल्या आहेत. शिकायचेच असेल तर ऋषिकोंडा त्यापेक्षा बरा, तोही सकाळच्या वेळी आणि शिक्षकासोबतच. परदेशी जाणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की, श्रीलंकेतही हाच नियम चालतो. वेलिगामाचा सुप्रसिद्ध नवशिक्यांचा उपसागर नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये चांगला, आणि मे-जूनमध्ये पूर्वेकडील अरुगम बे, तेही तेथील बेबी पॉइंट नावाच्या सौम्य भागात. बालीत कोरडा हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर असतो आणि कुटाचा वाळूचा किनारा शिकण्यासाठी योग्य आहे.

वेळ नेहमी सकाळची असावी. पहाटे मतलई वारे जमिनीकडून वाहतात तोवर पाणी घोटीव असते, ऊन चढले की खारे वारे सुरू होतात आणि लाटा विस्कटतात. नऊ-साडेनऊपर्यंत पाण्याबाहेर यावे. याला उन्हाचेही कारण आहे. नागपूरचा उन्हाळा सोसलेल्याला समुद्रावरच्या बत्तीस-चौतीस अंशांचे काय, असा आपल्याकडे एक अभिमान असतो आणि तोच घात करतो. आपली हवा कोरडी असते, घाम लगेच उडतो आणि कूलरही काम करतो. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम अंगावरच राहतो आणि शरीर थंड होत नाही. शिवाय वाऱ्यामुळे चटका जाणवत नाही, पाण्यावरून ऊन परावर्तित होते आणि दोन तासांत पाठ, मान आणि गुडघ्यांच्या मागची कातडी सोलून निघते. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा, सनस्क्रीन आणि आधी व नंतर भरपूर लिंबूपाणी वा ताक, एवढे पुरे होते. पाणी मे महिन्यात अठ्ठावीस-तीस अंश असते, तेव्हा रबरी सूट वगैरेंची गरज नसते.

बोर्ड आठ ते नऊ फुटांचा, वरून मऊ फोमचा असावा आणि घोट्याला बांधायची दोरी धड आहे की नाही हे पालकाने स्वतः ओढून पाहावे. आरक्षणाचा फोन करताना एका शिक्षकाकडे किती मुले असतात, पाण्यात शिक्षक सोबत उतरतो का आणि लाटा मोठ्या असल्यास वर्ग रद्द करून पैसे परत देता का, हे विचारावे. आणि ‘मुलाला पोहता येते का’, असे त्यांनी आपल्याला विचारले नाही तर तेथे जाऊ नये. ‘पोहता येत नसले तरी चालेल’ हे वाक्य या व्यवसायात सर्रास ऐकू येते आणि मला ते अत्यंत बेजबाबदार वाटते. कमरेएवढ्या पाण्यात शिकवतात हे खरे, पण पाय घसरायला आणि दोरी तुटायला एक लाट पुरते. मुलाला न थांबता पन्नास मीटर पोहता यावे, पाठीवर पाच मिनिटे तरंगता यावे आणि तोंडावर पाणी आले तरी श्वास न बिचकता धरता यावा. एप्रिलमध्ये वर्ग सुरू केला तर जूनपर्यंत बहुतेक मुलांना हे साधते. ज्यांना साधत नाही, त्यांना पुढच्या वर्षी न्यावे.

शेवटी आपल्याकडे आणि राज्याच्या पर्यटन खात्याकडे माझ्या दोन मागणीवजा विनंत्या आहेत. आपल्या दैनिकात उन्हाळ्यात रोज विदर्भातील शहरांचे तापमान छापले जाते. १ मे ते ३० जून या काळात त्याच चौकटीखाली पुरी, विशाखापट्टणम, चेन्नई, गोवा आणि गणपतीपुळे या पाच किनाऱ्यांवरील लाटांची उंची, दोन लाटांमधील सेकंद आणि इन्कॉइसचा इशारा असल्यास तो, एवढ्या पाच ओळी द्याव्यात. या काळात नागपूरकर जेथे जातात ते हेच किनारे आहेत आणि यातील गणपतीपुळ्याला बुडण्याच्या घटना वारंवार घडूनही दर वर्षी नवे पर्यटक अजाणतेपणी पाण्यात शिरतात. पर्यटन खात्याने आपल्या सातशे किलोमीटरहून लांब किनाऱ्यावरील मंद उताराच्या दोन-तीन पुळणी जाणकारांकडून तपासून घ्याव्यात, ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंत तेथे जीवरक्षक नेमावेत, पोहण्यासाठी लाल-पिवळे आणि फळ्यांसाठी काळे-पांढरे अशा आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या झेंड्यांनी जागा वेगळ्या आखून द्याव्यात आणि स्थानिक मच्छीमारांच्या मुलामुलींना शिक्षक म्हणून तयार करावे. कर्नाटक आणि तामिळनाडूच्या मच्छीमार गावांत जे घडले ते सिंधुदुर्ग-रत्नागिरीत घडू शकते आणि तसे झाले तर मेच्या पहिल्या पंधरवड्यात नागपूरच्या मुलांना मी आनंदाने तेथे पाठवीन. तोवर जूनमध्ये निघणाऱ्यांनी चेन्नईच्या गाडीचे तिकीट काढावे.

आपला विश्वासू,
एक जलतरण प्रशिक्षक,
नागपूर